टिंबाचे पैसे

मिरजेत, इस्पितळाच्या फाटकासमोर
अक्काताई मगदूमांच्या गाड्यासाठी
पत्र्याचा फळा रंगवत होतो.
कैरी आधीच काढली, देठासकट,
देठाशी चिकाचा एक थेंब.
मग ब्रश थांबला.
पन्हे लिहू की पन्हं?

अक्काताई म्हणाल्या, मला काय वाचता येतंय?
लोकं मागत्यात तसं लिव्ह.
आणि अक्षराला चाळीस म्हणालास,
त्यात टिंबाचं वेगळं लावू नकोस.

टिकेकर मास्तर सावलीला उभे होते,
बायकोच्या एक्स-रेचा लिफाफा बगलेत.
म्हणाले, शुद्ध लिहा. पन्हे.
मूळ शब्द पानक.
तोंडातोंडांतून येता येता
शेवटचा क विरघळला,
गुळाचा खडा विरघळावा तसा.

आणि मधला ह कुठून आला, मास्तर?
मला तो जड जातो.
अर्ध्या न ला टेकवायचा,
तर पोट नेहमी फळ्याबाहेर येतं.

मास्तरांनी लिफाफा या बगलेतून त्या बगलेत घेतला.
ते काही ठाऊक नाही, म्हणाले.

तेवढ्यात एक म्हातारी आली,
इरकली लुगडं, हातात डब्याची पिशवी.
‘पानका कोडरी.’
अक्काताईंनी काही न विचारता पेला भरला.

मास्तर बघतच राहिले.
जो शब्द त्यांनी आत्ता
पार संस्कृतातून उकरून आणला होता
तो अथणीहून सकाळच्या गाडीनं आला होता,
तिकीट काढून, उभ्यानं,
क जिथल्या तिथे.

म्हातारीनं अर्धा पेला बाटलीत ओतला.
वॉर्डात मुलगा आहे, असं हातानंच सांगितलं.
अक्काताईंनी पुन्हा काठोकाठ भरला,
वर वेलदोड्याची चिमूट.
यावेळी ती सगळं प्याली,
मान मागे टाकून, पापण्या मिटून,
आणि पेला खाली ठेवताना
छातीतून एक श्वास सुटला,
काल रात्रीपासून अडकलेला असावा:
हं.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.
मी त्यांच्याकडे.
शास्त्रात हे बसत नसणार,
दोघांनाही ठाऊक होतं.

मी ब्रश बुडवला.
ह चं पोट याही वेळी फळ्याबाहेर गेलं,
पुसलं नाही.
वर टिंब दिलं, जरा मोठंच,
त्याचा ओघळ कैरीपर्यंत आला.

अक्षरं दोन धरली.
ऐंशी रुपये, आणि एक पेला.