धडा

महापे, तिसरा मजला, रात्रीचे साडेनऊ.
एसी सातलाच बंद करतात.
खिडकी उघडली की समोरच्या कारखान्यातून
कधी जिऱ्याचा, कधी रंगाचा वास.

मी एक पेटी बांधतेय,
तळोज्याच्या वजनकाट्यासाठी.
तिथे नेट नाही. तिथला संगणक
बाहेरच्या कुणाशी बोलत नाही, बोलू नये असाच करार आहे.
तेव्हा पेटीनं सगळं पोटात घेऊन जायचं,
गेल्यावर आपली गाठ आपणच सोडायची,
कुणाकडे काही मागायचं नाही.

पहिल्या खेपेला मागितलं होतं.
एक लायब्ररी, चाळीस केबीची,
माझ्याकडे होती म्हणून सगळीकडे असणार असं धरलेली.
हिराजी घरतांचा फोन:
"मॅडम, ती थांबलीय. कायतरी नाय म्हणते."
बाहेर खडीचे सतरा डंपर,
आत पेन्सिलीनं पावत्या लिहिणारे घरत.

म्हणून आता स्क्रिप्ट. हात विसरतो.
आधी रिकामा फोल्डर, खरोखर रिकामा,
वाणी बरणीचा धडा करतो तसा.
कालचं काही तळाशी राहिलं तर आजच्यात मिसळतं
आणि महिनाभर कळत नाही, चाललंय ते कशाच्या जिवावर.
मग प्रोग्राम, त्याच्या लायब्रऱ्या,
लायब्रऱ्यांच्या लायब्रऱ्या,
पावतीचा मराठी फॉन्ट (हा दोनदा राहिला).
सगळं दाबून एक गठ्ठा,
आणि गठ्ठ्याच्या डोक्यावर माणसाला वाचता येईल असा मजकूर,
दोनशे अकरा ओळी.
फाईल चालू झाली की स्वतःलाच वाचते,
तेवढ्या ओळी सोडते, खालचं उचलते, उलगडते.
कपाळावरच लिहिलेलं असतं, मला असं उघडा.

मंगळवारी मी वर एक ओळ घातली.
साधी टीप. माझं नाव, तारीख.
ओळी झाल्या दोनशे बारा,
आकडा राहिला दोनशे अकरा.
पेटी एक ओळ अलीकडेच कापू लागली
आणि हा गठ्ठाच नव्हे म्हणून अडून बसली.
तीन तास गेले.
आता आकडा मी लिहीत नाही, स्क्रिप्ट मोजते.
नाव मात्र काढलं नाही.

शेवटी खूण. सगळ्या बाइटांची मिळून चौसष्ट अक्षरं,
तिकडे पुन्हा काढायची, जुळली तरच पुढे.
फोनवर समजावताना मी अडखळले.
घरत म्हणाले, "म्हंजे काटाच की.
निघताना वजन, पोचल्यावर वजन.
मधी कोणी फावडाभर उतरवली तर कळाया."
म्हटलं, हो, पण ही एक खडा कमी झाला तरी अडवते.
"एक खडा? मंग आमचा एक डंपर नाय सुटायचा."

मग मी विचारलं, त्या मशीनवर आधीपासून काय काय आहे?
"काय नाय असं धरून चाला," ते म्हणाले.
थोडं थांबून:
"बापासबत गेलतो बेलापूरला, प्लॉटच्या कामाला.
पत्र्याची पेटी भरून कागद.
सातबारा, मिठागराच्या पावत्या, आजाचा फोटोसुदा.
सायबानं मागितला तेवढाच नव्हता."
मग?
"मग काय. अकरा वर्षं."
मागे कुठल्यातरी गाडीचा हॉर्न. फोन ठेवला.

टेबलाखाली एक जुनं मशीन आहे,
पुसून कोरं केलेलं. त्याची केबल काढली.
पेनड्राइव्ह लावला.
यादी चौथ्यांदा वाचली,
फॉन्ट आहे, ती चाळीस केबी आहे,
आणखी काय मागतील, कुणास ठाऊक.

एंटर.
पंखा घरघरला. पेटी स्वतःला वाचू लागली
वरून खाली,
माझ्या नावाच्या ओळीवर न थांबता.