हिशोब लागत नाही

लॉन मेलं ते एप्रिलात,
टँकर दोनदा चुकला तेव्हा.
सुदामानगरात लॉनचं सुतक कुणी पाळत नाही.

मग सिरपूर तळ्याच्या काठावरून गेंदालालने
सायकलच्या कॅरिअरला बांधून आणली
ओल्या पोत्यात गुंडाळलेली जलपिंपळी.
पेराला पेराला मुळं, उंची बोटभर,
फूल म्हणावं तर
मोहरीच्या दाण्याला लावलेली जांभळट झालर.
वीत-वीत अंतरावर खोचली.
महिनाभर काही नाही.
मग एका सकाळी ती फरशीची फट ओलांडून
माझ्या चपलेपाशी आलेली.

तनखीवालेबाई कुंपणावरून म्हणाल्या,
"हे उपटलं की ओल्यात टाकणार की सुक्यात?
गाडी सातला येते.
शहराचा नंबर पहिला, आणि आपल्या दारात रान!"

मी एकतीस वर्षं कॅशच्या खिडकीत.
अंगठा अजूनही आपोआप हलतो.
साडेनऊला दव सुकतं, खिडकी उघडते:
फुलोरी माशा, तिळाएवढी एक काळी माशी
(हिचं नाव मला ठाऊक नाही),
शर्टाच्या गुंडीएवढं निळं फुलपाखरू,
जे रांगेत कधीच उभं राहत नाही.
एकेचाळीस, बेचाळीस...
ही मघाचीच का?
बँकेत दहा रुपये जुळले नाहीत
तर रात्री आठपर्यंत दिवे जळत.
इथे मी चहा टाकायला उठतो.

रविवारी समितीने गवत कापायचं यंत्र पाठवलं.
चालवणारा गेंदालालच.
फाटकाशी आला, वाकला,
यंत्र बंद करून कानामागची विडी काढली.
"रेवा दो साब,
अब्बी तो गिरस्ती जमी है."
मग उरलेली सगळी गल्ली त्याने
हजामत केल्यासारखी गुळगुळीत केली.

भाद्रपदात तनखीवालेबाईंकडून
पिशवीभर काकड्या आल्या.
गेल्या वर्षी वेलाला नुसती फुलं होती, फळ नाही.
"शेणखत लागू पडलं यंदा," त्या म्हणाल्या.
मी म्हटलं, असेल.
सालं ओल्यात टाकली.

आता अकराच्या आत
मी तिकडे अनवाणी जात नाही.
पायरीवर बसतो.
पंचावन्न, छप्पन्न...
एक माशी माझ्या अंगठ्याच्या नखावर उतरते,
काही मिळत नाही म्हणून
उडून जाते.
तिला मोजावं की नाही?