पाण्याचं तोंड

सर्जेकोटच्या धक्क्यावर आबा जाळं सांधत होते.
सात वर्षं पुण्यात काय करतेस, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.
आज विचारलं, फाटका आस बोटांत ताणून धरत.
म्हटलं, पाण्याचे रेणू वळतात.
किती वेळात वळतात, ते मोजते.

"पानी खय तोंड करून आसा,
ता तुका कसा कळता गो?"

इतका नेमका प्रश्न
माझ्या परीक्षकांपैकी कुणी विचारला नव्हता.

मग सांगत गेले.
रेणूला तोंड असतं: एका अंगाला ऑक्सिजन,
दुसऱ्या अंगाला हायड्रोजनचे दोन कान.
एकट्याचं तोंड कुणालाच दिसत नाही.
म्हणून एकाच दिशेचा प्रकाश टाकायचा, निमिषाहून लहान;
त्या दिशेला जे असतील त्यांच्यावर खूण पडते.
मग बघत राहायचं,
खूण केलेले पांगतात कसे.
सेकंदाचे लाख कोटी तुकडे केलेत
तर दोन-तीन तुकडे सरेपर्यंत
पाणी विसरू लागतं, ते कुठे बघत होतं.

आबांनी हनुवटीने खाडी दाखवली.
ओहोटी सरत आलेली. नांगरलेल्या होड्या
सगळ्या नाळा आतल्या अंगाला करून, शाळेच्या रांगेसारख्या.
बघता बघता पाणी उभं राहिलं.
दोर सैल पडले.
'दर्यादौलत' खडपाकडे कलली,
रुझारची पात माडांकडे,
मोठा ट्रॉलर बर्फाच्या कारखान्याकडे बघत राहिला.
कुणाचा कुणाशी संबंध नाही.

हेच, मी म्हटलं. हेच मोजते.

पण होडी फिरते तसा रेणू
थोडा थोडा फिरत नाही.
जुन्या वह्यांत आम्ही तसं धरून चाललो होतो.
तो एका शेजाऱ्याला धरून असतो,
दुसरा हाताशी आल्याशिवाय पहिल्याला सोडत नाही,
आणि सोडतो तेव्हा एकदम, साठ अंशांची उडी.

"म्हंजे ह्या होडयेतसून त्या होडयेत," आबा म्हणाले,
"दुसरी काठी लागल्याबिगर
पाय उचलूचो नाय."

मी वहीत ते वाक्य लिहून घेतलं.

घरी वहिनीच्या मायक्रोवेव्हमध्ये
सकाळचं बांगड्याचं तिखलं फिरतं,
तेही हेच.
आत कुणीतरी सेकंदाला दोनशे पंचेचाळीस कोटी वेळा
'इकडे बघ, तिकडे बघ' म्हणत असतं.
पाणी ऐकतं, वळतं, जरासं मागे पडतं.
ते मागे पडणं म्हणजेच ऊब.
अगदी वेळेवर वळलं असतं
तर तिखलं गारच राहिलं असतं.

कारखान्याचं यंत्र लाद्या फोडत होतं.
सुरमईच्या टपावर बर्फाचा चुरा पडला.
"आणि ह्या?" आबांनी विचारलं.
तेही वळतं. लाखो पटींनी सावकाश, पण वळतं.
ते टपाकडे बराच वेळ बघत राहिले,
जणू बर्फाने त्यांना आजवर फसवलं होतं.

एक गोष्ट सांगितली नाही.
माझ्या आलेखातली रेघ एकापासून निघते, उतरत जाते,
शून्याच्या इतकी जवळ येते
की यंत्राच्या खरखरीतून ती वेगळी काढता येत नाही.
तिथे आम्ही लिहितो: स्मृती संपली.
लिहायला हवं होतं:
आम्हाला ऐकू येईनाशी झाली.
त्या सात वर्षांत मी दिवाळीला चार वेळा आले,
त्यातल्या दोनदा दुसऱ्याच दिवशी परतले.

रुझारच्या पातीने नाक हलवलं.
आधी ती, कारण सगळ्यांत हलकी;
मग 'दर्यादौलत', मग मधल्या तीन-चार,
एकेक समुद्राकडे तोंड करत.

"लागली भरती," आबा म्हणाले.
मान वर केली नव्हती. दोरा दातांनी तोडला
आणि पुढचा आस धरला.

ट्रॉलर अजून कारखान्याकडेच बघत होता.