एक फेरी बाहेर

पोलंडच्या सरहद्दीपासून चार किलोमीटरवर
जुन्या जकातनाक्याच्या गोदामात
आता चाळीस टेबलं, हिरवी.
जिथं ट्रक तपासायचे तिथं मी हात तपासते.
पत्त्यांचे. म्हणजे शेवटी माणसांचेच.

साटंलोटं मला वासावर कळतं.
गेल्या वर्षी ब्रनोची दोन पोरं आली होती.
चिपांची चळत डावीकडं सरकवली की एक्का,
उजवीकडं सरकवली की हाती काही नाही.
अळीमिळी गुपचिळी.
तीन तास कॅमेऱ्याचं चित्र मागं-पुढं करत बसले
आणि दोघांना दार दाखवलं, जन्माचं.
त्या रात्री मला छान झोप लागली.

हे तसं नव्हतं.
अठ्ठावीस भिडू उरलेले, बक्षिसं सत्तावीस.
एकानं जायचं आणि बाकीच्यांनी श्वास सोडायचा,
असा तो तास.
कॉफीसुद्धा कुणी ढवळत नाही.

सात नंबरच्या टेबलावर बोर्झिवोय,
कारविनाच्या खाणीतून निवृत्त,
पुढ्यात तीन घासांपुरत्या चिपा.
समोर लुमीर. तीच खाण, तीच पाळी,
पुढ्यात डोंगर.
मधे उघडी पानं: इस्पिकचा एक्का, राजा, सत्ती,
आणि दोन किरकोळ, लाल.

बोर्झिवोयनं टेबलावर टिचकी मारली. पुढे चला.
लुमीरची पाळी, शेवटची.
त्यानंही टिचकीच मारली.
मग पानं उलटी केली:
इस्पिकची राणी, इस्पिकची नव्वी.
त्या क्षणी त्या टेबलावर त्याहून मोठं
काहीही असू शकत नव्हतं,
आणि त्यानं एक चिप पुढे सरकवली नव्हती.

नियम सरळ आहे.
सगळ्यांत मोठा हात आणि शेवटची पाळी,
तर लावायचंच.
माया करायची ती घरी जाऊन.

हात वर झाला.
मला वाटलं, तो हेडफोनवाला फिनिश पोरगा.
हात बोर्झिवोयचा होता,
अंगठ्याला नख नसलेला.
"बाई, यानं मला सोडलं," तो म्हणाला,
यानं माझ्या खिशात हात घातला,
असं कुणी सांगावं तसं.

लुमीर चष्मा पुसत बसला.
"किलवर वाटलं."
कुणी हसलं नाही.
खोटं बोलायची सवय नसलेलं तोंड ते,
लगेच घामानं उघडं पडलं.
"किलवर," तो परत म्हणाला, अजून हळू.

कबूल करते, मला सोडून द्यावंसं वाटलं.
नजरचूक, असं लिहायचं आणि मोकळं व्हायचं.
पण मग माझ्यासाठीही
कुणाला तरी हात वर करावा लागला असता.

एक फेरी बाहेर, मी म्हणाले.
तो दोरीपलीकडं उभा राहिला, टोपी हातात,
नऊ डाव.
रिकाम्या खुर्चीपुढून त्याच्या चिपा
बिनबोभाट जात राहिल्या.

तिसऱ्याच डावात बोर्झिवोयनं
छक्की-पंजीवर उरलंसुरलं लोटलं.
गेला. अठ्ठाविसावा.
टाळ्या झाल्या, ज्याच्या त्याच्या सुटकेच्या.
तो उठला, दोरीपाशी आला,
बोलला काही नाही, फक्त पंजा पुढे केला.
लुमीरनं त्यावर गाडीच्या किल्ल्या ठेवल्या.

पहाटे तीनला मी सिगारेटसाठी बाहेर आले.
आवारात बर्फ, आणि बर्फात एक जुनी श्कोडा,
इंजिन चालू, मागं पांढरी वाफ.
काचेआड तो, टोपी डोळ्यांवर ओढलेली.
शेजारची सीट मागं रेलून, तयार.
आणि आत लुमीर अजून खेळत होता.
सातवा असेल, की सहावा.

अहवालात एक रकाना असतो:
दोन्ही खेळाडूंचा परस्परसंबंध.
तिथंच उभ्यानं लिहायला गेले
तर पेन गोठलेलं.
बराच वेळ ते तळव्यांत चोळत राहिले.