फळ्यांचे वळ

रात्री साडेआठला फोन वाजला, हिनं घेतला.
मी दारात, टिंबर मार्केटकडं तोंड करून,
ट्रॉलीतनं पडलेलं उसाचं कांडं सोलत बसलेलो,
न ऐकल्यासारखा.

दीड वर्ष झालं, धनश्री आणि मी बोलत नाही.
जहाजावर चादरी धुवायला चालले म्हणाली,
तेव्हा मी म्हटलेलं, जा,
पण परत माझ्याशी बोलायचं नाही.
पोरगी माझीच. बोलली नाही.

"आई, आज सुट्टी हाय. बेटावर उतरलो,
बस धरून देवळाला आलो."
कसकसल्या भाषा तिच्या कानावर पडत असतील,
अजून आलो म्हणते, गेलो म्हणते,
पेठेतल्या पोरींसारखी.

हिनं चपला काढल्या.
घरातल्या, स्लिपर. भिंतीकडेला सारल्या.
"अगं चर्च हाय ते, आत चपला चालतात."
"तुझ्या चालत असतील."

मग पदर डोक्यावर घेऊन ही बघायला लागली.
तिकडं सकाळचे अकरा. लखलखीत ऊन.
एक बाई गुडघ्यांवर आत सरकत होती,
मागनं तिचा पोरगा, हातात तिची पर्स.
"देवीचं नाव काय?"
"आल्ताग्रासिया."
"काय?"
"आल्ता. ग्रासिया."
"आळता," ही म्हणाली. तिला तेवढंच सापडलं.
"ओटी कशानं भरतात?"
"संत्री वाहतात."
"आणि खण?"
"खण नाही गं आई."
ही जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "असू दे."

मी बघत नव्हतो.
पण फोन वर फिरला आणि डोळ्याच्या कोपऱ्यात
कमान आली. एक नव्हे,
एकीच्या पोटात एक, वर निमुळत्या होत गेलेल्या.
लोक ह्याला जोडलेले हात म्हणतात, धनश्री सांगत होती.
हात कसले.
काँक्रीट ते. गिलावा नाही, रंग नाही,
नागडं.

"थांब," मी म्हटलं.

समुद्रापलीकडं ती थांबली.
हिनं फोन माझ्याकडं वळवला, स्वतः बाजूला झाली.

"भिंतीला हात लाव."
लावला.
"रेघा हायत?"
"हायत."
"उभ्या का आडव्या?"
"उभ्या, आण्णा. लाकडाच्या गाठीसुद्धा उमटल्यात."

चाळीस वर्षं मी सेंटरिंग केलं.
फळ्या ठोकल्या, तेल मारलं, पाचरी घातल्या,
टेकू काढताना देवाचं नाव घेतलं.
फळ्या सुटल्या की गवंडी यायचा
आणि आमचं सगळं गिलाव्याखाली.
पाण्याच्या टाकीवरनं दस्तगीर पडला,
रिंग बीमच्या परातीवरनं.
त्या टाकीला आता आकाशी रंग हाय.
फळ्या त्याच्या घरच्यांनी मागून नेल्या, जळणाला.

आणि तिथं कुणीतरी झाकलंच नाही.
कुणा मिस्त्रीची फळी, तिची गाठ,
देवीच्या डोक्यावर तशीच ठेवली.

"खाली ये. सांधा बघ," मी म्हटलं.
"इथं एक फळी सरकल्यागत वाटते."
"बोट जातंय?"
"जातंय."
"किती?"
"पहिलं पेर."

तेवढं चुकतं. माणूस दमतो, खिळा वाकतो.
हे मी बोललो का नुसतं मनात आलं,
आठवत नाही.
तिनं बोट काढलं नव्हतं.
तिच्या मागं कुणीतरी खोकलं, घंटा झाली,
मग रेंज गेली.

रात्री उठलो, आमच्या भिंतीवरनं हात फिरवला.
गुळगुळीत. पुट्टी मीच मारून घेतलेली.

सकाळी हिनं कपिलतीर्थात पिटाळलं.
संत्री महाग, तीनच घेतली.
दोन अंबाबाईच्या फोटोपुढं ठेवली.
तिसऱ्याचं काय, मी विचारलं नाही.
ती सोलत होती, साल एकसंध निघावी म्हणून
जीभ दातात धरून,
आणि फोन तिच्या मांडीवर होता, उपडा.