हातचा एक

फेब्रुवारीत विश्वस्तांची बैठक झाली,
तेव्हा आधी कॉफीसोबतची बिस्किटं गेली.
मी कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहीत होते.
कायमनिधीत तीस टक्के घट.
हा आकडा कोषाध्यक्ष ऑस्ट्रँडरनी असा वाचला,
जणू नातलगाच्या आजाराचं नाव आहे
आणि डॉक्टरचं अक्षरच लागत नाहीये.

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात आमचं मार्लो क्रीक,
एक सिग्नल, दोन चर्च, एक कॉलेज.
कॉलेज खोकलं की गावाला ताप येतो.

मग हात आखडता घेतला.
थर्मोस्टॅट बासष्टवर; आम्ही हातमोजे घालून टाइप करायला शिकलो.
तरणतलाव कोरडा, त्याच्या निळ्या तळाशी
ग्रंथालयाची जास्तीची कपाटं.
रंगीत छपाईला डीनची सही.
रात्रपाळीचे दोघे सफाई कामगार.
माळी वेंडेल हॉस्टेटर, बावीस वर्षं.
आणि जर्मन विभाग, म्हणजे हेडविग लाउनर,
तिच्या वर्गात चार मुलं,
दरडोई खर्च मीच काढला होता.
आकडा बरोबर होता. दोनदा तपासला.

मिरजेला शाळेत बाई सांगायच्या,
सातातून नऊ जात नाहीत ना,
मग शेजारच्या घरातून एक घे,
मागायला लाजायचं नाही.
इथे शेजारच्या घराला कुलूप
आणि कुलपावर पाटी:
देणगीदाराच्या इच्छेनुसार.

मिस ऑर्फा विंटरमूट, मृत्युपत्र एकोणीसशे सव्वीस.
चॅपलच्या वाटेवर दर वसंतात ट्युलिप फुलावेत.
ट्युलिपच.
बाईने पैसे सरकारी रोख्यांत ठेवायला लावले होते,
म्हणून सगळ्या वहीत तेवढं एक पान तरारलेलं.
वकिलाला विचारलं, यातून वेंडेलचा पगार निघेल?
तो म्हणाला, मृत्युपत्रात कंद आहेत,
कुदळ नाही.

ऑक्टोबरात बारा खोकी आली.
बागेच्या शेडला टाळं, म्हणून ती आमच्याकडे,
झेरॉक्स मशीनशेजारी.
हिशेबाच्या खोलीला कांद्याच्या चाळीचा वास.
कंदांनाही आर्थिक वर्ष असतं,
जमीन गोठली की ते संपतं.

एका दुपारी ऑस्ट्रँडर
टाय खांद्यावर टाकून बाहेर पडले,
हातात कँटीनचा डाव.
मागोमाग आम्ही. रोज जेवणाची सुट्टी.
गुडघे ओले, नखं काळी,
कुणी काही बोलत नव्हतं,
आणि फेब्रुवारीपासूनचं ते सगळ्यात बरं न बोलणं होतं.

तिसऱ्या दिवशी कुंपणापलीकडे एक ट्रक थांबला.
वेंडेल. बराच वेळ नुसता बघत.
मग म्हणाला, उलटे लावताय.
मनगट दाखवून म्हणाला, इथवर खोल.
मी म्हटलं, आत ये.
तो म्हणाला, मी आता तुमच्या विम्यात नाही.

आम्ही पहिल्या दोन रांगा उकरून पुन्हा लावल्या.

नंतर बर्फ. नंतर मार्च,
आणि कोटाच्या खिशात किल्ली शोधताना
हाताला काहीतरी गार, गुळगुळीत लागलं.
एक कंद. त्याला हिरवं नाक फुटलेलं.
बाराशेची पावती, बाराशे लावल्याची नोंद, खाली माझीच सही.
हातचा एक राहिला होता,
मिळवायचा विसरले होते.
कुठल्या रकान्यात लिहू?
लेखापरीक्षक येऊन गेला. त्याच्या कोपराजवळच
कॉफीच्या मगात तो उभा होता.
पेन्सिली ठेवायला छान आहे, एवढंच म्हणाला.

वेंडेल आता एरीजवळ लाकडाच्या वखारीत असतो, असं कळलं.
जाड पाकीट घेतलं, ओलं वर्तमानपत्र गुंडाळलं.
आमचं फ्रँकिंग मशीन शेजारीच होतं.
तरी पोस्टात गेले,
रांगेत उभी राहिले,
तिकिटाचे पैसे माझे दिले.