चित्र की नमुना

चोडणच्या खाडीकाठी एर्मेलिंदा टीचर
तिवराचं पान आधी चाटायला लावायच्या.
"जीभ, मग भिंग. ब्रश शेवटी."

त्या दिवशी बाटलीतलं पाणी संपलं,
मी भरतीच्याच पाण्यात हिरवा कालवला.
शिरा मोजून काढल्या.
देठ चुकला.
आणि फेरीबोटही.

मानशीच्या कठड्यावर बसून राहिलो.
कागद उन्हात, वर कालवाची शिंपली
उडू नये म्हणून.

सुकता सुकता
रंगवलेल्या पानावर फुटले
बारीक, चौकोनी, पांढरे कण,
झाडावरच्या पानाला फुटतात तसे.
चुकल्या देठावरसुद्धा.

टीचरनी भिंग धरलं.
खालून पाणी मानशीच्या फळ्या ढकलत होतं.
मग वही उघडून मलाच विचारलं :
कुठल्या रकान्यात लिहू हे?
चित्र, की नमुना?

मी कागद चाटला.